गरिबीची रेषा: पोटावरून आखायची की शेजाऱ्यावरून?

अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६० च्या दशकात सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ओर्शान्स्की यांच्या हिशेबावर उभी राहिली: किमान आहाराचा खर्च गुणिले तीन. तेव्हा कुटुंबाच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जाई. आज घरभाडं, औषधं, मुलांचा सांभाळ यांतच पगार संपतो. रेषा मात्र केवळ महागाईनुसार वर सरकते.

युरोपीय संघ मध्यक उत्पन्न धरतो, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या माणसाचं. त्याच्या ६० टक्क्यांखाली गेलात की गरिबीचा धोका. यात खोट आहेच. मंदीत मधल्यांची मिळकत तळाच्यांपेक्षा जास्त घसरली तर रेषाही उतरते आणि कागदावर गरिबी घटल्यासारखी दिसते. तरी मला हीच पद्धत पटते. वर्गाच्या सहलीला पैसे नाहीत म्हणून घरी राहिलेलं, पण पोटभर जेवलेलं मूल पहिल्या हिशेबात येतच नाही.