चार कारखाने, एक सॉफ्टवेअर: आठ महिन्यांनंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीनशॉप. कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, जवळच्याच फाउंड्रीतून येतं, हार्डनिंगला (तापवून कडक करायला) कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत जातं, गिऱ्हाईक तिकडच्याच गोकुळ शिरगावचं. म्हणजे एकेक नग दोन राज्यं फिरतो, आणि तो कुठं पोचला हे फक्त फोनवर कळायचं. "टेम्पो निघालाय ओ" हे ऐकल्यावर टेम्पो अजून भरायचाच असतो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून चौघांच्या नोंदी एकमेकांना जोडणारं हे सॉफ्टवेअर आम्ही मिळून घेतलं. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) कुणालाच आपली वही बदलावी लागली नाही, हे मला आवडलं. फाउंड्रीचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), आमचं एक्सेल, सगळं जागच्या जागी. ऑर्डर घेतली का, किती नग झाले, चलान कुठलं, एवढंच बाहेरच्यांना विचारता येतं. दर दिसत नाहीत. दिसले असते तर फाउंड्रीवाले काका पहिल्याच बैठकीतून उठून गेले असते.

पहिले दोन महिने भांडणातच गेले, तेही 'तयार' या शब्दावरून. साचा फोडून कास्टिंग बाहेर आलं की फाउंड्रीच्या हिशेबी तयार. आमच्या हिशेबी फेटलिंग (जादा धातू काढणं), शॉटब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं) झाल्यावर. स्क्रीनवर 120 नग हिरवे बघून मी सीएनसी मशीनवर सेटिंग लावलं, नग मात्र तिकडं रायझरसकट (ओतताना राहिलेल्या जादा धातूच्या ठोकळ्यासकट) पडलेले! शेवटी 'तयार'चे तीन टप्पे केले. ते आम्हीच चहावर बसून ठरवले, सॉफ्टवेअरवाल्याला नंतर कळवलं.

मग एकदा नेट गेलं. फाउंड्रीचा निरोप आला, पण पोच परत गेली नाही, म्हणून तोच निरोप पुन्हा आला आणि आमच्याकडं 120 चे 240 झाले. आता प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नुसती पोच जाते. घेण्याआधी हे नक्की विचारा.

ई-वे बिलाचं, म्हणजे जीएसटीतल्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचं, काम मात्र छान. जॉबवर्कचा माल (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवलेला) राज्याबाहेर गेला की 50,000 रुपयांच्या आतला असला तरी बिल लागतं. ते चलानावरूनच बनतं. असा माल वर्षात परत आला नाही तर विक्री धरली जाते, त्याचीही आठवण येते.

रिजेक्शनला, म्हणजे खराब नग परत करायला, मात्र उलटा रस्ताच नाही. ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) दिसतो मशिनिंग झाल्यावर, आणि तोवर सॉफ्टवेअरच्या लेखी फाउंड्रीचं काम संपलेलं असतं. तिथं अजून फोनच.

वर्गणी मार्चला संपते. रिजेक्शनचं केलं तर भरीन म्हणालोय. काकांनी आत्ताच भरून टाकली. त्यांना सकाळी सातला माझा फोन जात नाही ना आता.