मोहोर ते पेटी: अंदाजाच्या तक्त्यावर काढलेला हापूसचा हंगाम

ऑक्टोबर 2024 पासून थेट आगोट (पावसाळ्याची सुरुवात) लागेपर्यंत आमच्या हापूसची सगळी विक्री मी दोन गोष्टींवर चालवली: गुगल शीट्समधला स्वतः केलेला अंदाजाचा तक्ता आणि व्हॉट्सॲप बिझनेस. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही मोबाईलवर चालतात. आंबा, काजू, कोकम असा घरचा माल थेट विकणारी अनेक कुटुंबं आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव जरा विस्ताराने लिहिते आहे.

आमची कलमं रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या बाजूला. बाग भावोजी बघतात, गिऱ्हाईक आणि हिशेब माझ्याकडे. माल तीन वाटांनी जातो. मुंबई, ठाणे, पुण्याची घरगुती गिऱ्हाइकं ही पहिली, वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल ही दुसरी, आणि मोसम उतरला की कॅनिंग. तिन्हीकडच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आंबा थांबत नाही. तयार झाला की उतरवायचा आणि त्याच दोन-चार दिवसांत त्याची वाट ठरवायची. म्हणून कुठल्या आठवड्यात किती पेट्या निघतील आणि त्यातल्या किती थेट घरी जातील हे आधी जितकं नीट कळेल, तितका माल चांगल्या भावाच्या वाटेने जातो. आपल्याकडे हा अंदाज जाणत्या माणसाच्या डोक्यात असतो. तो कागदावर आला की घरातल्या दुसऱ्या माणसालाही गिऱ्हाइकाला शब्द देता येतो, हा मला झालेला पहिला फायदा.

तक्त्याचा पहिला भाग बागेचा. प्रत्येक प्लॉटसमोर मोहोर कधी आला ते लिहायचं. हापूसला मोहोर एका दमात येत नाही. थंडी पडेल तसा नोव्हेंबर-डिसेंबरात, मग जानेवारीत, कधी फेब्रुवारीतही येतो. फळ धरल्यापासून काढणीला साधारण चार महिने लागतात, त्यामुळे मोहोराच्या तारखेवरून काढणीचा पंधरवडा काढता येतो. पण किती फळ मिळेल हे मोहोर बघून कोणीही सांगू नये. फुलांपैकी काढणीपर्यंत टिकतात ती शेकड्यात एकही नसते. त्यात थंडी लांबली की पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळतात. भावोजींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "वहिनी, बाठा धरेपर्यंत कुणाला आकडा सांगू नका." बाठा म्हणजे फळातली कोय. त्यामुळे फळ वाटाणा, गोटी, सुपारी, अंडं एवढं होईल अशा टप्प्यांवर नमुन्याची ठरावीक कलमं मोजत गेलो आणि प्रत्येक वेळी तीन आकडे लिहिले: कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. जानेवारीत या तिघांत प्रचंड अंतर होतं. बाठा धरल्यावर ते इतकं आवळलं की मी निर्धास्तपणे नोंदणी उघडली. आणि नोंदणी उघडली ती कमीत कमीच्या आकड्यावर. जास्तीचा माल निघाला तर सांगायला आनंदच असतो, शब्द दिलेली पेटी नाही म्हणणं मात्र फार जड जातं.

दुसरा भाग गिऱ्हाइकांचा, आणि खरी कमाल इथे आहे. "आंबे कधी सुरू?" असं विचारणारा, "दोन पेट्या ठेवा" असं तोंडी सांगणारा आणि बयाणा पाठवणारा, हे तिघे एकाच यादीत एकाच मापाने लिहिले की विक्रीचा अंदाज फुगतो. मी नुसत्या विचारणेला 0.2, तोंडी मागणीला 0.6 आणि बयाण्याला 0.95 असं वजन दिलं. समजा एका आठवड्यासाठी 60 पेट्यांची विचारणा, 40 ची तोंडी मागणी आणि 30 चा बयाणा आहे. यादी म्हणते 130. वजन लावलं की 12, 24 आणि 28.5, म्हणजे जेमतेम 65. ही वजनं मी सुरुवातीला अंदाजानेच धरली होती. दर रविवारी प्रत्यक्ष गेलेल्या पेट्या शेजारच्या रकान्यात लिहिल्या आणि त्याप्रमाणे ती हलवली. जुन्या गिऱ्हाइकाची तोंडी मागणी नव्या माणसाच्या बयाण्याइतकीच पक्की असते हे त्यातून स्वच्छ दिसलं, म्हणून जुन्यांसाठी वेगळा रकाना केला. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा हा शेजार नसेल तर तक्ता ठेवून काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. अंदाज चुकला याचं वाईट वाटू नये. तो दर वेळी एकाच बाजूला चुकतोय का, एवढं बघावं.

आता सणांचं. आपल्याकडे आंब्याची मागणी तिथीवर चालते आणि तयार तक्ते तारखेवर. अक्षय्य तृतीया 2023 ला 22 एप्रिलला होती, 2024 ला 10 मेला, 2025 ला 30 एप्रिलला. पाडव्याचंही तसंच: 2024 ला 9 एप्रिल, 2025 ला 30 मार्च. "गेल्या वर्षी याच आठवड्यात किती विकलं" हा प्रश्न आंब्याच्या धंद्यात दिशाभूल करतो. मी आठवडे तृतीयेपासून मोजले: तृतीयेआधी तीन, दोन, एक, तृतीयेचा, आणि नंतरचे. जुन्या वह्यांमधली विक्री अशी लावली तेव्हा तिन्ही वर्षांचा आकार एकसारखा दिसायला लागला. एका कंपनीचं पैसे भरून घ्यायचं विक्रीचं ॲपही मी काही दिवस वापरून पाहिलं. दिसायला देखणं होतं, आलेख छान काढायचं, पण तिथी कळायची सोय त्यात नव्हती आणि मागवूनही झाली नाही. सोडून दिलं. गुगल शीट्समध्ये रेषा ओढून पुढचा आकडा काढणारं फोरकास्ट नावाचं सूत्र आहे, तेही मी बाजूला ठेवलं. आंब्याला एक वर्ष भरघोस, एक वर्ष थोडं अशी सवय असते. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर सरळ रेषा ओढून तिथे काही हाती लागत नाही. गुणाकार-बेरीज करणारं सम-प्रॉडक्ट हे एकच सूत्र मला पुरलं.

व्हॉट्सॲप बिझनेसमधलं सगळ्यात उपयोगी काय, तर लेबलं. विचारणा, तोंडी, बयाणा, पाठवलं, तक्रार अशी माझी लेबलं तक्त्याच्या रकान्यांशी जुळणारी आहेत. रात्री जेवणं झाली की दोन्ही समोर ठेवून जुळवायचं, अर्ध्या तासाचं काम. कॅटलॉगमध्ये पेटी, डझन आणि फळाचं वजन लिहिलं की तेच तेच प्रश्न कमी होतात. ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. मला हे सोयीचं वाटलं, कारण कोण आपल्याला खरोखर धरून आहे ते त्यावरून कळतं. ज्यांना संदेश पोचत नव्हता त्यांची मागणी मी एक पायरी खालीच धरली.

विश्वासाबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हापूसबद्दल शंका असतात आणि त्या योग्यच आहेत. परप्रांतातला आंबा हापूस म्हणून गळ्यात मारला जातो, पावडरीवर पिकवलेला आंबा बाजारात येतो. कॅल्शियम कार्बाईडवर फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, तीही मर्यादेत. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. हे सगळं गिऱ्हाइकाला एकदा नीट लिहून पाठवलं. पण माहितीपेक्षा जास्त काम केलं ते प्रत्येक पेटीबरोबरच्या चिठ्ठीने: प्लॉट कुठला, काढणी कोणत्या तारखेची, किती डझन, पेंढ्यात किती दिवस ठेवायचा. आमचा आंबा आम्ही चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाल्यावर, सकाळच्या वेळात, देठ ठेवून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवतो. चीक फळावर सांडला की साल काळी पडते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आंबा सडका.

आणि साका. वरून देखणा, आत पांढरट स्पंजासारखा. बाहेरून तो ओळखता येत नाही, हे विकणारे बहुतेक जण बोलतच नाहीत. मी नोंदणीच्या वेळीच लिहिलं की साका निघू शकतो, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ किंवा पैसे परत. सासऱ्यांना काळजी वाटत होती की उद्या कुणीही फोटो पाठवेल. तसं झालं नाही. ठाण्याच्या एका काकूंनी तर दोन फळांचा फोटो पाठवून वर लिहिलं, "एकच धर, दुसरा मी जास्त दिवस ठेवला होता." प्रत्येक तक्रारीसमोर मी प्लॉटचं नाव लिहीत गेले आणि मेच्या सुरुवातीला दिसलं की साक्याच्या बहुतेक तक्रारी कातळावरच्या एकाच प्लॉटच्या आहेत. जमिनीची उष्णता फळाला लागली आणि फळ झाडावर जास्त तयार झालं की साका वाढतो, हे भावोजींना ठाऊक होतंच. त्यांनी त्या प्लॉटची काढणी आधी धरली, उतरवलेलं फळ लगेच सावलीत आणायला लावलं आणि कलमांखाली पाल्याचं आच्छादन घातलं. तक्रारीचा रकाना असा थेट बागेत जाऊन पोचला. पुढच्या वर्षी त्या प्लॉटचा घरगुती विक्रीतला वाटा मी आधीच कमी धरणार आहे.

तक्त्याची खरी परीक्षा मेअखेरीला झाली. 2025 ला मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला, आणि कोकणात त्याच्या आधीपासूनच पाऊस कोसळत होता. शेवटच्या मोहोराचा माल झाडावर, नोंदण्या घेतलेल्या, आणि भिजलेलं फळ टिकत नाही. असा पाऊस कुठल्याच तक्त्यात येत नाही. पण कुणाचा किती बयाणा आहे, कोण जुनं, कोणाला मुंजीसाठी ठरावीक दिवशीच आंबा हवा आहे, हे सगळं समोर होतं. पाऊस लागला त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना संदेश गेला: पाऊस लागला आहे, एवढ्याच पेट्या चांगल्या निघतील, तुमची पेटी देता येणार की नाही हे उद्या दुपारपर्यंत सांगते, बयाणा हवा त्याला आजच परत. कार्यवाल्यांना आधी दिलं. पैसे परत मागणारे थोडे निघाले, बाकीच्यांनी "पुढच्या हंगामाला धरा" म्हणून सांगितलं. हे पैसे मी विक्रीत न धरता वेगळ्या रकान्यात ठेवले आहेत, कारण ते गिऱ्हाइकाचेच आहेत.

हंगामात एकूण काय फरक पडला? वाशीला आवक तुंबली त्या दिवसांत आमचा माल तिथे जवळजवळ गेलाच नाही, कारण तो आठवडा कधी येणार हे आधी दिसत होतं आणि घरगुती नोंदण्या त्याच आठवड्यांकडे वळवता आल्या. "या आठवड्याऐवजी पुढच्या आठवड्यात घेतलात तर फळ मोठं मिळेल" हे सांगितल्यावर बरेच जण थांबले. खरं होतं म्हणूनच सांगितलं, आणि फळ तसंच निघालं म्हणून पुढच्या वेळीही ऐकतील.

उणिवा आहेत. बागेत रेंज नसते, त्यामुळे फाईल ऑफलाइन ठेवावी लागते आणि घरी आल्यावर दोघांच्या नोंदी जुळवाव्या लागतात. फळाच्या आकाराचा अंदाज मला अजून जमलेला नाही, चार डझनी पेटी किती आणि सहा डझनी किती हे शेवटपर्यंत हलत राहिलं. आणि मोजणीला माणूस लागतो. कामाच्या गर्दीत, फवारणी चालू असताना, मोजणीसाठी दिवस काढायला भावोजींना जड गेलं. वाशीला सरसकट माल पाठवणाऱ्या मोठ्या बागायतदाराला हा खटाटोप परवडेल असं मला वाटत नाही. घरगुती गिऱ्हाईक शे-दोनशेच्या आसपास असेल तर जरूर करा.

करणार असाल तर दसऱ्याच्या सुमारास जुन्या वह्या काढून तिथीप्रमाणे आठवडे लावून ठेवा, मोहोर दिसायला लागल्यावर त्याला वेळ मिळत नाही. बयाण्याचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. आणि नमुन्याच्या कलमांना रंगाची खूण करा, म्हणजे दर वेळी तीच मोजली जातील.