रक्त थांबलेलं जास्त वाईट की परत सुरू झालेलं? स्नायूतल्या कॅल्शियमची गोष्ट

ऐकायला विचित्र वाटेल, पण स्नायूचा रक्तपुरवठा काही वेळ थांबला तर त्याचं बरंचसं नुकसान रक्त परत आल्यावर होतं.

आधी थांबलेल्या रक्ताचं बघू. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण १०,००० पट कमी असतं आणि ते तसं ठेवायला पेशीतल्या साठ्यात कॅल्शियम भरणारा पंप सतत राबत असतो, दर २ कॅल्शियममागे १ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च. रक्त बंद झालं तरी क्रिएटिन फॉस्फेटचा (एटीपी परत बनवून देणाऱ्या रसायनाचा) साठा थोडा वेळ रेटून नेतो, म्हणून हातापायाचा स्नायू तासभर सहज तग धरतो, मेंदूला ते मिनिटांतच जड जातं. मग एटीपी संपत आलं की पंप ढेपाळतो, कॅल्शियम हळूहळू साचतं, आम्लता वाढते. गंमत म्हणजे हीच आम्लता कॅल्शियमचा स्नायू आकसवण्याचा जोर थोडा दाबून धरते.

आणि रक्त सुरू झालं की ही आम्लता धुतली जाते, तो दाब सुटतो, आत साचलेलं सोडियम बाहेर काढायच्या नादात पेशी उलट कॅल्शियम आत ओढते, त्यात ऑक्सिजनमुळे तयार झालेले फ्री रॅडिकल्स (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) कॅल्शियमच्या साठ्याच्या दारांना गळती लावतात. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, हे सगळं कॅल्शियम गिळायला जातात आणि स्वतःच फुटतात, कॅल्पेन नावाचं एन्झाइम जागं होऊन प्रथिनं कुरतडायला लागतं. ऑपरेशनमध्ये टूर्निके (रक्त अडवायला आवळलेला पट्टा) सोडल्यावर पाय सुजून टणक होतो, त्यामागे हेही असतं.

माझं मत विचाराल तर दुसरा टप्पा जास्त घातक, पण त्याचं सामान पहिलाच भरून ठेवतो, त्यामुळे टूर्निकेची वेळ २ तासांच्या आत ठेवायला बघतात ते उगाच नाही.