पदवीबरोबर दोन परकीय भाषा : नागपुरातील एका सायंवर्गाचा अनुभव

नागपुरात पदवीचे शिक्षण घेता घेता जर्मन किंवा जपानी शिकायची म्हटली, की पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा तिथले मॅक्सम्युलर भवनच डोळ्यांसमोर येते आणि शहर सोडणे शक्य नसल्याने अनेकांचा विचार तिथेच थांबतो. अशा विद्यार्थ्यांसाठी, बी.एस्सी. करताना मी ज्या महाविद्यालयाच्या सायंवर्गात आधी जर्मन आणि मग जपानी शिकले, त्याविषयी लिहीत आहे. काही उणिवाही सांगायच्या असल्याने महाविद्यालयाचे नाव देणे टाळले आहे.

या वर्गाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे दोन भाषा एकदम सुरू करू न देण्याचा त्यांचा आग्रह. पहिल्या भाषेची ए-२ पातळी (युरोपीय मोजपट्टीवरची ए-१ नंतरची दुसरी पायरी) पूर्ण झाल्याशिवाय दुसरीत प्रवेश मिळत नाही. प्रवेशाच्या वेळी हा नियम जाचक वाटतो. परंतु इतरत्र एकाच सत्रात दोन्ही भाषा घेतलेल्या माझ्या मैत्रिणींची जी ओढाताण झाली, ती पाहता तो योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. जर्मनच्या मॅडमनी नामांची लिंगे शिकवताना चमचा, काटा आणि सुरी टेबलावर मांडली, फळ्यावर तो, ती, ते असे तीन रकाने आखले आणि सांगितले, की जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे. मराठीतही तीन लिंगे असल्याने कल्पना नवी नव्हती; फक्त प्रत्येक नामाचे लिंग नव्याने पाठ करायचे होते. जपानीत तर मराठीचा आधार अधिकच लाभला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला मागून प्रत्ययासारखे शब्द जोडले जातात, हे मराठी बोलणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात यासाठी पानेच्या पाने खर्ची पडतात. चित्रलिपीला मात्र असा आधार नाही. तिथे रोज वही घेऊन बसावेच लागते आणि सरही ती वही न चुकता तपासतात.

संभाषणाच्या बाबतीत दोन्ही वर्गांत मोठी तफावत आहे. गटे इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या) ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेत गटात बसून, हातातील कार्डावरच्या विषयाला धरून प्रश्न विचारावे आणि उत्तरे द्यावी लागतात, त्यामुळे जर्मनच्या वर्गात बोलण्याचा भरपूर सराव होतो. जपानीच्या जेएलपीटी या प्रावीण्य परीक्षेत तोंडी भागच नाही. वाचन, श्रवण, शब्दसंग्रह आणि व्याकरण एवढेच तपासले जाते. परिणामी एन-५ ही तिची सर्वांत सोपी पातळी उत्तीर्ण झालेल्या आमच्यातल्या कित्येकांना साधे चार वाक्यांचे बोलणेही जमत नव्हते. परीक्षेत नसले तरी आठवड्यातून एक तासिका संभाषणासाठी राखून ठेवणे अवघड नाही, आणि हे मी लेखी कळवलेही होते.

मला सर्वाधिक खटकलेली बाब श्रेयांकांची (क्रेडिट्सची) आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक साठवून ठेवण्याच्या पेढीचे नियम लागू केले. तरीही या प्रमाणपत्राचे श्रेयांक माझ्या पदवीत धरले गेले नाहीत. संध्याकाळच्या संध्याकाळ देऊन केलेला अभ्यास गुणपत्रिकेत दिसतच नसेल, तर घरची परिस्थिती बेताची असणारा विद्यार्थी दुसऱ्या भाषेचे शुल्क कशासाठी भरेल?

जपानी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. त्यातली डिसेंबरची परीक्षा आपल्या हिवाळी परीक्षेच्या धामधुमीत येऊ शकते. ती द्यायला मला पुण्याला जावे लागले, म्हणून अर्ज भरला की रेल्वेचे आरक्षणही लगेच करून टाकावे. शिवाय त्यापुढच्या एन-४ पातळीची तुकडी पुरेसे विद्यार्थी जमले तरच निघते, तेव्हा एन-५ चालू असतानाच बरोबरच्यांना विचारून नावे कार्यालयात नोंदवून ठेवलेली बरी.