चित्रं जोडायचा कार्ड सेट: कार्डं मस्त, उत्तरांचा कागद बाजूला ठेवा

३ वर्षांपुढच्या मुलांसाठी जोड्या लावायच्या चित्रकार्डांचा सेट मिळतो ना, तो भाचीसाठी घेतला. पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल केलेत, चित्रं स्पष्ट, आणि मुख्य म्हणजे कार्डं खाचा पाडून एकमेकांत अडकणारी नाहीयेत. हे मला फार आवडलं कारण अडकणाऱ्या प्रकारात मुलं खाच बघून जोडी लावतात, चित्राकडे लक्षच देत नाहीत.

तक्रार आहे ती सोबतच्या उत्तरांच्या कागदाबद्दल. त्यात गाय-बकरी बरोबर आणि गाय-गवत चूक, पण त्याच कागदावर खाली सुई-दोरा बरोबर, कुलूप-किल्ली बरोबर! म्हणजे एकदा एका जातीच्या वस्तू पाहिजेत, एकदा एकमेकांसोबत लागणाऱ्या, आणि नियम कधी बदलला ते पोरीला कोण सांगणार? तिने गाय गवताला लावली, का गं विचारलं तर म्हणाली "ती खाते ना ते". यात चूक काय आहे सांगा मला.

आणि हे फक्त लहान मुलांचं नाही. १९३१-३२ मध्ये लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानात गेला होता, तिथल्या शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्याने हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवला आणि यातलं वेगळं काय ते विचारलं. बरेचजण म्हणाले सगळंच एकत्र लागतं, ओंडका काढला तर करवतीने कापणार काय. थोडंफार शिकलेले मात्र ओंडका बाजूला काढून बाकीची हत्यारं म्हणायचे. म्हणजे जातीप्रमाणे लावणं ही बरीचशी शाळेत लागणारी सवय आहे, त्यावरून मूल हुशार की मठ्ठ ठरवू नका प्लीज.

ती सवय लावायची असेल तर विचारायची पद्धत बदला. मार्कमन आणि हचिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लहान मुलांवर केलेलं काम यासाठी फार उपयोगी आहे. नुसतं "असंच अजून एक शोध" म्हटलं की मुलं बऱ्याचदा सोबत लागणारी वस्तू उचलतात, पण चित्राला एखादं नवंच नाव दिलं आणि त्या नावाचं अजून एक शोधायला सांगितलं की त्याच जातीची वस्तू जास्त वेळा उचलतात. आम्ही आता तसंच खेळतो, आधी "कोण कोणासोबत लागतं" चा डाव, मग सगळी कार्डं पुन्हा पसरून "प्राणी शोध, भांडी शोध" चा डाव, आणि प्रत्येक जोडीला का ते सांगायचंच. पोळपाट-लाटणं तर दोन्ही डावांत बसतं, त्यावर ती खूप वेळ बोलत बसते.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो त्या कागदाचा. पुढच्या छपाईत दोन्ही प्रकारच्या जोड्या वेगवेगळ्या करून दिल्या तर जवळच्या अंगणवाडीसाठी पण एक घेईन.