राणीच्या बागेत गेलात तर उर्वशी बघितल्याशिवाय येऊ नका

भायखळ्याची राणीची बाग म्हटलं की सगळे आत शिरल्या शिरल्या पेंग्विनकडे पळतात, मुलं बरोबर असली की त्याला इलाजच नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर प्लीज आधी झाडं बघा. ही बाग मुळात झाडांचीच आहे, १८६२ पासूनची, आणि इतकी जुनी, इतक्या प्रकारची झाडं मुंबईत एका ठिकाणी मला तरी दुसरीकडे दिसली नाहीत.

आम्ही मागच्या रविवारी गेलो, आई, मी आणि लेक. उर्वशी फुलली होती! हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, रानात आता जवळपास दिसतच नाही म्हणतात. झुंबरासारखे लालभडक घोस खाली लोंबतात, एकेक फूल लांब देठावर, आणि जवळून बघितलं तर पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, कुणी ब्रशने लावावा तसा. कोवळी पानं तर अजूनच भारी, तांबूस रंगाची, ओला रुमाल वाळत घातल्यासारखी मऊ लटकत असतात, आईला वाटलं झाड सुकलंय, मग मी सांगितलं की नवीन पालवीच अशी येते, नंतर हिरवी होऊन ताठ होते.

तिथेच एका बाईंनी फोटोसाठी अख्खा घोस ओढून तोडला. फार वाईट वाटलं. अहो, खाली पडलेली फुलं असतात की, ती घ्या ना.

सीतेचा अशोकही बघा, केशरी गुच्छ अगदी फांदीला चिकटून येतात, आपल्या सोसायट्यांमध्ये जो उंच सरळसोट असतो तो अशोक वेगळा बरं का. कैलासपतीची फुलं थेट खोडावरच येतात, आत पिंडी आणि वर नागाचा फणा असावा तशी, लेकीने खाली पडलेलं एक उचलून घरी आणलं तर रात्रीपर्यंत खोलीत वास दरवळत होता. फक्त त्या झाडाखाली जास्त वेळ उभं राहू नका, फळं तोफगोळ्याएवढी असतात.

पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन पण इथेच भरतं, साधारण जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात. कुंड्यांमधली सिझनल फुलं आवडत असतील तर तेव्हा जा, पण झाडं निवांत बघायची असतील तर प्रदर्शन संपल्यावर, आणि सकाळीच.

बुधवारी बंद असते. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत जाता येतं, आणि भाऊ दाजी लाड म्युझियम अगदी शेजारीच आहे.

गोरखचिंचेला आत्ता पान नव्हतं, नुसतं हत्तीच्या पायासारखं खोड. तिची पांढरी फुलं पावसाच्या आसपास येतात, ती पण रात्री उमलतात, म्हणून तेव्हा अगदी सकाळी सकाळी पोचायला लागेल. आई आत्तापासूनच विचारतेय, कधी जायचं?