गृहपाठ आणि मार्क: खासगी सीबीएसई की जिल्हा परिषद? आमचा दोन्हीकडचा अनुभव

ॲडमिशनचे दिवस आले की ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, पोराला खासगी सीबीएसईत घालू का गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. फी, बस, इमारत हे सगळं विचारणाऱ्याला माहीतच असतं, ते मी परत लिहीत नाही. मी फक्त गृहपाठ आणि तपासणी यावर लिहितो, कारण संध्याकाळी सात ते नऊ घरात जे काय चालतं ते सगळं त्याच्यावर ठरतं. आमची मुलगी पहिली ते तिसरी साताऱ्यातल्या एका खासगी सीबीएसई शाळेत होती, चौथीला आम्ही तिला गावातल्या जि. प. शाळेत आणलं, आता ती पाचवीत आहे. म्हणजे दोन्हीकडच्या वह्या माझ्या घरात आहेत आणि मी जे सांगतोय ते त्या वह्या बघूनच सांगतोय.

आधी खासगी शाळेचं जे चांगलं आहे ते. तिथे शिस्त होती. डायरीत रोज गृहपाठ लिहून यायचा, पालकांची सही लागायची, वह्या दर आठवड्याला तपासून यायच्या, युनिट टेस्टचं टाइमटेबल महिनाभर आधी मिळायचं. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर याचा फार आधार असतो, पोरगं कुठे आहे ते डायरी उघडली की कळतं. अक्षर सुधारलं, इंग्रजी वाचन तर नक्कीच सुधारलं, आणि ते मी कुणापुढेही मान्य करतो. माझ्या मेव्हणीचा मुलगा त्याच पद्धतीच्या शाळेत आहे आणि मजेत आहे, त्याला सगळं ठरलेलं असलं की बरं वाटतं. अशी पोरं असतात, त्यांना उगाच हलवू नये.

पण गृहपाठ किती, तर तिसरीला रोज दीड तास, आणि त्यातला बराचसा फळ्यावरची प्रश्नोत्तरं फेअर वहीत उतरवायचा. केंद्राचं २०२० चं स्कूल बॅग धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आमच्याकडे तो आठवड्याचा हिशोब मंगळवारीच संपायचा. तरी मी तेवढ्यासाठी शाळा बदलली नसती, खरं सांगतो. लिहून लिहून सवय होते, आमच्याही वेळी उजळणी होतीच.

शाळा बदलली ती एका उत्तरामुळे.

ईव्हीएसच्या, म्हणजे परिसर अभ्यासाच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, आपल्याला पाणी कुठून मिळतं. दोन मार्कांचा. मुलीनं तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या आजीच्या विहिरीतून, आणि मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा आम्ही दोराला अजून एक दोर जोडतो. आमचं मूळ गाव माण तालुक्यात आहे, उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, आणि दोर जोडताना गाठ कशी मारायची ते तिनं आजीच्या शेजारी बसून पाहिलेलं होतं. त्या उत्तराभोवती लाल गोल आणि दोनपैकी शून्य. खाली शेरा, वर्गात सांगितलेलं उत्तर लिहावे, आणि ते उत्तर पाच वेळा करेक्शन म्हणून लिहून आणायचं. वर्गात सांगितलेलं उत्तर काय, तर नदी, तलाव, विहीर आणि पाऊस. विहीर त्यातही होतीच की!

मी भेटायला गेलो. मॅडम शांतपणे बोलल्या, त्यांचीही अडचण मला कळली, वर्गात पंचेचाळीस मुलं, सगळ्या तुकड्यांना एकच उत्तरसूची ठरवून दिलेली, एकाला वेगळ्या उत्तराचे मार्क दिले की दुसऱ्या दिवशी चार पालक दारात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण त्यानंतर घरी जे झालं ते मला सहन होईना. कुठलाही प्रश्न आला की पोरगी आधी विचारायची, फळ्यावर काय लिहिलंय? मी म्हणायचो अगं तुला काय वाटतं ते सांग, तर म्हणायची, पप्पा तसं लिहायचं नसतं. आठ वर्षांची पोरगी. पुढच्या टेस्टला वीसपैकी एकोणीस आले आणि घरात सगळे खूश, मला मात्र तो पेपर वाचून काहीच कळेना की यातलं हिचं काय आणि फळ्यावरचं काय.

आता जिल्हा परिषदेची बाजू. तिथे प्रगतीपुस्तकावर श्रेणी असते आणि बरेच पालक तिथेच अडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात वर्षभराचं रोजचं काम म्हणजे आकारिक, त्यात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, लहान चाचण्या सगळं येतं, आणि सत्राच्या शेवटची परीक्षा म्हणजे संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० आणि संकलितला ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०. दोन्ही मिळून ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असं खाली उतरत जातं. शिवाय विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक अशा वर्णनात्मक नोंदी गुरुजींनी करायच्या असतात. आता ८१ आणि ९० दोघंही अ-२, त्यामुळे पहिला नंबर कुणाचा ते कळत नाही, माझ्या भावाला अजून ते पटत नाही. माझं म्हणणं, चौथीच्या पोराचा नंबर कळून करायचंय काय.

पण कागदावरची पद्धत चांगली असली तरी ती चालवणारा माणूस लागतो, आणि इथे आमचं नशीब म्हणा. चौथीच्या पहिल्याच महिन्यात गुरुजींनी गृहपाठ दिला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी शेतात काय काय पेरायचे. पोरीनं आजीला फोन लावला आणि अर्धा तास बोलत बसली. वहीत चार ओळी होत्या, बाजरी, मटकी, हूलगा, आणि हुलग्याचं माडगं आजारी माणसाला देतात असं. गुरुजींनी हूलगामधला ऊ लाल पेननं ऱ्हस्व केला आणि बाजूला लिहिलं, छान माहिती, माडगं कसं करतात ते आजीला विचारून उद्या वर्गाला सांग. तिनं सांगितलं. त्या उत्तराला मार्क नव्हते, पण तोंडी कामात त्याची नोंद झालेली मी नंतर पाहिली. शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त झाली आणि उत्तरही तिचंच राहिलं. मला एवढंच हवं होतं.

त्रास नाही असं नाही. गुरुजींकडे तिसरी आणि चौथी दोन्ही वर्ग होते. वरून ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, आणि ते आलं की पंधरा-पंधरा दिवस वह्या तपासल्या जात नाहीत. गृहपाठ कधी दोन ओळींचा, कधी नाहीच. पाढे आणि भागाकार मी घरीच घेतले, रोज वीस मिनिटं, आणि ज्याला तेवढाही वेळ नाही त्यानं हा विचार नीट करावा असं मी खरंच सांगेन. इंग्रजी वाचन सुरुवातीला मागे पडलं. आमची शाळा सेमी इंग्रजी आहे म्हणून गणितातले इंग्रजी शब्द टिकले, बाकी गोष्टींची पुस्तकं आणून भरून काढतोय. शिष्यवृत्तीसाठी मात्र गुरुजी जादा तास घेतात, त्याला तोड नाही.

अजून एक, श्रेणी आहे म्हणजे नापास होतच नाही या भरवशावर राहू नका. २०२३ मध्ये राज्यानं नियम बदलला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणून चौथीपर्यंत पाया बघून घ्या, शाळा कुठलीही असो.

तर तुमचं पोर कसं आहे आणि घरात वेळ किती आहे यावर बरंच अवलंबून आहे, आणि माझ्या एका पोरीवरून सगळ्यांना सल्ला देणं बरोबर नाही हे मला कळतं. दुसऱ्या गावातले गुरुजी वेगळे असतील, दुसऱ्या खासगी शाळेत मोकळ्या मनानं तपासणाऱ्या मॅडम असतील. आम्ही धाकट्याला या जूनमध्ये पहिलीला जिल्हा परिषदेतच घालतोय.

तुम्ही शाळा बघायला जाल तेव्हा कॉम्प्युटर लॅब दाखवतील ती बघा, पण नंतर तिसरीतल्या चार मुलांच्या परिसर अभ्यासाच्या वह्या मागून घ्या. एकच प्रश्न निवडा आणि चौघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. चारही उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली तर मॅडमना किंवा गुरुजींना विचारा, एखाद्यानं आपल्या मनानं वेगळं पण बरोबर लिहिलं तर तुम्ही काय करता. माझ्या मुलीच्या वेळी हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.